काटेकोर शेतीचे शिक्षण आणि प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटेकोर शेतीत नेमके काय शिकायचे असते?

एकाच गटात चढाची बाजू मुरमाड असते, उताराकडची भारी काळी असते आणि विहिरीजवळचा कोपरा चोपण झालेला असतो. खत मात्र सगळीकडे एकाच मापाने पडते. जमिनीतला हा फरक मोजायचा, त्याचा नकाशा करायचा आणि त्याप्रमाणे पाणी, खत, बियाणे, औषध कमी-जास्त द्यायचे, हे काटेकोर शेतीचे काम. उपग्रह, ड्रोन, सेन्सर ही त्या मोजणीची साधने. चौकशीला येणारे बहुतेक विद्यार्थी ड्रोनपासून सुरुवात करू पाहतात. आमचा आग्रह माती आणि पाण्यापासून सुरू करण्याचा असतो. नकाशावर पिवळा दिसणारा डाग पाण्याच्या ताणाचा आहे, हुमणीचा आहे की चुनखडीमुळे लोह मिळत नसल्याचा, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. तिथे जाऊन मूळ उपटून पाहणाऱ्यालाच ते कळते.

बारावीनंतर प्रवेश कुठे आणि कसा?

राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत: राहुरीचे महात्मा फुले, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा आणि दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. त्यांच्या घटक आणि संलग्न महाविद्यालयांतले प्रवेश राज्याच्या सीईटीवर होतात. कृषी अभियांत्रिकीच्या बी.टेक.ला गणिताचा गट लागतो, बी.एस्सी. कृषीला जीवशास्त्राचा गटही चालतो. दोन्ही पदव्या चार वर्षांच्या.

पदवीच्या नावात ‘प्रिसिजन’ हा शब्द शोधत बसू नका. देशभरचा कृषी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात भू-माहितीशास्त्र, नॅनो तंत्रज्ञान आणि काटेकोर शेती यांचा मिळून दोनच क्रेडिटचा विषय होता: एक तासिकेचा, एक प्रात्यक्षिकाचा. तेवढ्यात तोंडओळख होते, हात बसत नाही. सहाव्या समितीचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून येऊ लागला आहे. महाविद्यालय निवडताना विचारा: प्रात्यक्षिकाला किती जणांमागे एक संगणक आहे? स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद विद्यार्थ्यांना मिळते का? ठिबकचा प्रक्षेत्र चालू आहे की पाइप उन्हात तडकून पडले आहेत?

बी.एस्सी. घ्यावी की बी.टेक.?

यंत्र बनवायचे, पंप-व्हॉल्व्ह-सेन्सरची जुळणी करायची, सिंचनाचा आराखडा काढायचा असेल तर बी.टेक. पीक, खत, रोग-कीड यांचा सल्ला द्यायचा असेल तर बी.एस्सी. आमच्या मते बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला नकाशे आणि प्रोग्रॅमिंग नंतर शिकता येते. बी.टेक.च्या विद्यार्थ्याला पीकशास्त्र नंतर शिकणे जास्त जड जाते, कारण ते हंगामाच्या वेगानेच शिकावे लागते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी कोणती शाखा?

मृदाशास्त्र, कृषीविद्या, सिंचन व निचरा अभियांत्रिकी, यंत्र व शक्ती अभियांत्रिकी. यांपैकी कोणत्याही दाराने आत येता येते. राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून राहुरीला हवामान अद्ययावत शेती व जलव्यवस्थापनाचे, तर परभणीला रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांवरचे प्रगत केंद्र उभे राहिले. पाण्यात रस असेल तर पहिल्याचे आणि यंत्रात रस असेल तर दुसऱ्याचे प्रबंध ग्रंथालयात जाऊन चाळा. शाखेच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोणत्या पिकावर आणि कोणत्या मोजणीवर काम करतात, याला महत्त्व द्या. नागपूरला मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था आहे आणि राज्याचे सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) केंद्रही आहे. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची, मांजरीला द्राक्षाची राष्ट्रीय संस्था आहे. प्रबंधाचे काम अशा ठिकाणी जोडून घेता आले तर जरूर घ्या.

गणित आणि प्रोग्रॅमिंग किती लागते?

सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि प्रतिगमन पक्के हवे. क्रिगिंग (मोजलेल्या ठिकाणांवरून मधल्या जागांचे आकडे काढण्याची पद्धत) शिकण्याआधी व्हेरिओग्राम (अंतराबरोबर आकड्यांतला फरक कसा वाढतो याचा आलेख) म्हणजे काय ते कागदावर काढून समजून घ्या. नाहीतर बारा नमुन्यांवरून रंगीत नकाशा तयार होतो आणि तो खरा वाटू लागतो. सॉफ्टवेअरमध्ये नकाशे करणारे क्यूजीआयएस मोफत आहे, तिथून सुरुवात करा. पुढे पायथॉन किंवा आर या प्रोग्रॅमिंग भाषांपैकी एकच. इंग्रजी कच्चे असेल तर अडत नाही. आज्ञावलीतले शब्द मोजके असतात. अडते ते एककांपाशी. किलो प्रति हेक्टर, ग्रॅम प्रति झाड, लिटर प्रति तास, मिलिमीटर पाणी यांची अदलाबदल झोपेतही करता आली पाहिजे. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर, हा आकडा पाठच करा.

उपग्रहाचे चित्र आमच्या एकरभर रानाला उपयोगी पडते का?

पडते, पण रानाच्या आकारावर ते ठरते. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी. त्यांतल्या लाल आणि (डोळ्यांना न दिसणाऱ्या) निकट-अवरक्त प्रकाशाच्या पट्ट्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. एक ठिपका म्हणजे एक गुंठा, असे धरून चालायला हरकत नाही. लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा ठिपका नऊ गुंठ्यांचा होतो.

आता बांधाचे गणित पाहा. चौकोनी एकर अंदाजे ६३.६ मीटर बाजूचा, म्हणजे ४० ठिपके. कडेच्या ठिपक्यांत बांधावरची बाभूळ, शेजाऱ्याचा ऊस, गाडीवाट मिसळते, म्हणून चारही बाजूंनी १० मीटर सोडायचे. उरतात १९ ठिपके. तोच एकर वाटण्या होऊन २० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब झाला असेल तर दोन्ही बाजूंनी १० मीटर सोडल्यावर काहीच उरत नाही. अशा पट्टीच्या रानाला मोफत उपग्रहचित्र वापरून ‘तुमच्या शेताचा नकाशा’ देणे चुकीचे आहे. तिथे ड्रोनचे चित्र घ्या, नाहीतर सरळ चालत फिरून नोंदी करा.

एनडीव्हीआय काढताना विद्यार्थ्यांच्या कोणत्या चुका होतात?

एनडीव्हीआय म्हणजे चित्रातून काढलेला पिकाच्या हिरवाईचा आकडा. सूत्र सोपे आहे: निकट-अवरक्त वजा लाल, भागिले दोन्हींची बेरीज. चुका सूत्राच्या आधी होतात.

सर्वांत जास्त फसवणारी चूक तारखेची. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १,००० ची भर घालून चित्रे दिली जातात. त्या तारखेनंतरच्या चित्रात आधी १,००० वजा करायचे आणि मग १०,००० ने भागायचे. वजाबाकी राहिली तर काय होते? समजा लाल ०.०५ आणि निकट-अवरक्त ०.४० आहे, एनडीव्हीआय ०.७८ येतो. वजाबाकी विसरल्यास तेच आकडे ०.१५ आणि ०.५० होतात आणि उत्तर येते ०.५४. म्हणजे २०२१ आणि २०२३ ची तुलना करणाऱ्याला चांगला ऊस खालावलेला दिसतो. गुगल अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घेतला तर ही दुरुस्ती आधीच झालेली असते.

दुसरी चूक नकाशाच्या प्रक्षेपाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याच्या पद्धतीची. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपाचा पट्टा ४३ उत्तर, पूर्वेला ४४ उत्तर. पुणे, नाशिक, परभणी, अकोला ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. यवतमाळ जिल्हा तर दोन्हींत विभागलेला आहे: पुसद एकात, वणी दुसऱ्यात. क्षेत्रफळ अक्षांश-रेखांशात काढले की आकडा अंशांत येतो आणि त्याचा काही अर्थ लागत नाही.

खरिपात ढगांमुळे जून ते सप्टेंबर हाती लागणारी चित्रे थोडी असतात. ढगाची सावली तर ढगापेक्षा वाईट, कारण ती आजारी पिकासारखी दिसते. त्या काळात सेंटिनेल-१ च्या रडारकडे वळावे लागते, त्याला ढग आडवे येत नाहीत. आणि उसाने एकदा सरी झाकली की एनडीव्हीआय वरच्या टोकाला अडकतो. नत्रातला फरक मग दिसत नाही. तेव्हा लाल आणि निकट-अवरक्त यांच्या मधल्या, लाल-कडेच्या पट्ट्याचा एनडीआरई हा आकडा वापरा; त्याचा ठिपका मात्र २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा.

काळ्या जमिनीत ओलाव्याचे सेन्सर चुकीचे आकडे का दाखवतात?

तीन कारणे, आणि तिन्ही आपल्याच मातीच्या स्वभावातली. काळी जमीन वाळताना आकसते आणि भेगाळते. सेन्सरच्या पात्याभोवती हवेची फट पडली की आकडा एकदम खाली येतो. पाणी दिले की ते भेगेतून थेट खाली उतरते आणि आकडा एकदम वर जातो, आजूबाजूचे ढेकूळ मात्र कोरडेच असते. दुसरे, चिकणमातीचे प्रमाण जास्त असल्याने कारखान्यातली मूळ जुळणी (कॅलिब्रेशन) चालत नाही. तिसरे, क्षारयुक्त पाणी असेल तर धारकतेवर (कपॅसिटन्स) चालणारे स्वस्त सेन्सर ओलावा वाढवून सांगतात. माती पाणी किती ताणून धरते ते मोजणारा टेन्शिओमीटर साधारण ८० किलोपास्कलपर्यंतच काम करतो. त्यापुढे पाण्याचा स्तंभ तुटतो आणि पुन्हा पाणी भरावे लागते.

म्हणून जुळणी स्वतः करायची. शेतातलीच माती घ्या आणि कोरडीपासून संपृक्त अवस्थेपर्यंत ओलाव्याच्या पाच-सहा पातळ्या करा. प्रत्येक पातळीला सेन्सरचा आकडा लिहा आणि त्याच मातीचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत वाळवा. ओली माती १०० ग्रॅम, वाळल्यावर ८० ग्रॅम, तर ओलावा २० भागिले ८०, म्हणजे २५ टक्के. (२० भागिले १०० अशी चूक तोंडी परीक्षेत दर वर्षी होते.) त्याला स्थूल घनतेने गुणा, ती १.२ असेल तर घनफळी ओलावा ३० टक्के. मग सेन्सरचा आकडा आणि हा ओलावा यांचा आलेख काढा.

बसवताना त्याच मातीची रबडी करून पाते त्यात दाबून बसवा, म्हणजे फट राहत नाही. ठिबक असेल तर ड्रिपरपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, एक १५ आणि एक ३० सेंटिमीटर खोलीवर. आणि वाफसा हाताने ओळखायला शिका. मुठीत दाबून गोळा होतो आणि बोटाने टोचल्यावर फुटतो, त्या दिवशी सेन्सर काय सांगतो ते लिहून ठेवा. ती नोंद पुस्तकातल्या क्षेत्रक्षमतेच्या (निचरा झाल्यावर मातीत उरणाऱ्या पाण्याच्या) आकड्यापेक्षा उपयोगी पडते.

ठिबक असलेल्या शेतात पहिले प्रात्यक्षिक कोणते करावे?

एकसारखेपणाची चाचणी. खर्च जवळजवळ नाही. चार लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्या) निवडा, प्रत्येकीवर चार ड्रिपर: सुरुवातीचा, एक तृतीयांशावरचा, दोन तृतीयांशांवरचा आणि शेवटचा. सोळा ठिकाणी भांडे लावून एक मिनिट पाणी धरा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर मिनिटाला सुमारे ६७ मिलिलिटर देतो. सर्वांत कमी आलेल्या चार आकड्यांची सरासरी भागिले सोळांची सरासरी गुणिले १००. नव्वदच्या वर असेल तर उत्तम. समजा कमी चारांची सरासरी ४८ आणि एकूण ६२ आली, तर उत्तर ७७. अशा संचातून खत सोडले तर तेही तसेच विषम पडणार, मग सेन्सर कितीही महाग असो.

शेवटच्या टोकाला पाणी कमी असेल तर दाब किंवा लांबी तपासा. मध्येच कुठेतरी कमी असेल तर ड्रिपर चोंदले आहेत. गाळणीच्या आत आणि बाहेर दाबमापक लावा. फरक अर्धा किलोपर्यंत (प्रति चौरस सेंटिमीटर) गेला की गाळणी धुवायची वेळ झाली. कॅल्शियम नायट्रेट हे ०:५२:३४ किंवा ०:०:५० या विद्राव्य खतांसोबत एकाच टाकीत कालवू नका. पांढरा साका बसतो आणि तो ड्रिपरमध्ये जाऊन अडकतो.

मातीचे नमुने किती आणि कसे घ्यायचे?

मृदा आरोग्य पत्रिकेसाठी बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना घेण्याची पद्धत ठरवली गेली. राज्यातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर. म्हणजे पत्रिकेवरचा आकडा बहुतेकदा शेजाऱ्यासह काढलेला असतो. गावाला दिशा म्हणून तो ठीक आहे, शेतातला फरक त्यातून कळणार नाही.

शिकताना एकराचे रंग, खोली, उतार पाहून दोन-तीन भाग करा. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, कडेची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची चकती कापा, घमेल्यात एकत्र करून चौथाई पद्धतीने (चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलोपर्यंत आणा. सावलीत वाळवा. झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, बांधालगत, नुकतेच खत टाकलेल्या ओळीत खड्डा नको. जस्त तपासायचे असेल तर जस्ताचा मुलामा असलेले घमेले वापरू नका. जस्त त्यातूनच नमुन्यात येते.

ड्रोन उडवायचे प्रमाणपत्र कसे मिळते?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे वजनाचे वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. फवारणीचे १० लिटरचे ड्रोन भरलेल्या टाकीसह स्मॉल वर्गात बसतील असे बनवलेले असतात. ते उडवायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतून दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र लागते. वय १८ ते ६५, शिक्षण दहावी उत्तीर्ण, प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटाच्या सदस्याला १५ दिवसांचे प्रशिक्षण ठेवले आहे: ५ दिवस उड्डाणाचे, १० दिवस खत-औषध फवारणीचे. हे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. उडवणे लवकर जमते. काय, किती आणि कोणत्या वाऱ्यात फवारायचे ते शिकायला दुप्पट वेळ लागतो.

उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर शेत कोणत्या रंगात आहे ते पाहा. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. परदेशातून तयार ड्रोन आणणे फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, सुटे भाग आणता येतात. नातेवाइकांकडून मागवायचा विचार असेल तर सोडून द्या.

ड्रोनने फवारणी केली, कीड मेली नाही. का?

आपल्याकडे औषधाचे माप ‘लिटरला दोन मिली’, ‘पंपाला तीस मिली’ असे डोक्यात बसलेले असते. हाताच्या पंपाने एकराला २०० लिटर पाणी जाते. लिटरला २ मिलीने ४०० मिली औषध पडते. ड्रोन एकराला १० लिटर पाणी देतो. तिथेही लिटरला २ मिली घातले तर एकराला २० मिलीच पडले, विसावा हिस्सा. मात्रा एकराची धरायची, पाण्याची नाही. पण मग द्रावण वीसपट तीव्र होते, म्हणून ड्रोनसाठी शिफारस असलेलेच औषध वापरा. दोन औषधे मिसळायची तर आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवा. गाठी झाल्या, थर बसला, बरणी गरम झाली तर ते मिश्रण टाकीत नको.

प्रवाह असा काढा: लिटर प्रति एकर × वेग मीटर प्रति सेकंद × पट्ट्याची रुंदी मीटर × ६०, भागिले ४,०४७. दहा लिटर, ४ मीटर वेग, ४ मीटर पट्टा घेतला तर मिनिटाला २.३७ लिटर. साध्या पाण्याने सगळी नोझल मापात धरून मिळून हा आकडा येतो का ते पाहा. पिकापासून दीड ते अडीच मीटर उंची ठेवा. वारा ताशी १०-१२ किलोमीटरच्या वर गेला की थांबा. तुतीची बाग, मधमाश्यांच्या पेट्या किंवा शेततळ्यातले मासे जवळ असतील तर त्या बाजूला फवारणी नकोच.

स्वतःचा सेन्सर संच बनवायला काय घ्यावे?

ईएसपी३२ हा छोटा संगणक-फलक, लांब पल्ल्याचा लोरा रेडिओ, लहान सौर पत्रा आणि लिथियम सेल. रेडिओ घेताना तरंगवारिता (फ्रिक्वेन्सी) पाहा: भारतात विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे, बाजारात मात्र ९१५ चेही मिळतात. ईएसपी३२ वर वायफाय चालू असताना दुसऱ्या एडीसीच्या (सेन्सरचा विद्युतदाब आकड्यात बदलणाऱ्या भागाच्या) पिना वाचता येत नाहीत. ‘आकडे गोठले’ ही तक्रार बहुधा तिथली असते. धारकतेच्या स्वस्त पट्टीची वरची कड उघडी असते, तिला इपॉक्सी लावा. पेटी सीलबंद असली तरी तळाला एक बारीक छिद्र ठेवा, नाहीतर रात्रीच्या दवाने आतून पाणी सुटते.

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कसा निवडावा?

एक पीक, एक घटक, एक हंगाम. ‘सोयाबीनसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संपूर्ण प्रणाली’ असा विषय घेऊ नका. ‘कांद्यात ठिबकची विषमता आणि कंदाचे वजन यांचा संबंध’ हा विषय सहा महिन्यांत प्रामाणिकपणे पुरा होतो. तुलनेसाठी नियंत्रण पट्टा ठेवा, किमान तीन पुनरावृत्ती घ्या आणि वाफ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. नत्रावर काम असेल तर भरपूर नत्र दिलेला एक पट्टा राखा. बाकीच्या रानाची हिरवाई त्याच्याशी ताडून पाहता येते.

परदेशी शिक्षणाचा इथे उपयोग होतो का?

मोजणीची शिस्त आणि सांख्यिकी शिकायला होतो. इंग्लंडच्या हार्पर अ‍ॅडम्स विद्यापीठाच्या ‘हँड्स फ्री हेक्टर’ प्रकल्पात २०१७ मध्ये माणूस शेतात न उतरता जवाचे पीक काढले गेले. तिथली आणि अमेरिकेतली यंत्रे मात्र मोठ्या शेतांसाठी बनलेली असतात. जाण्याआधी ठरवा की परत येऊन काम वीस गुंठ्यांवर करायचे आहे की दोनशे हेक्टरांवर.

पदवी नाही, शेतीच करतो. काय शिकता येईल?

देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत घेते. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासणी आणि ठिबकची प्रशिक्षणे होतात. राहुरीला काटेकोर शेती विकास केंद्र आहे. सुरुवात मात्र वरच्या सोळा भांड्यांच्या चाचणीने करा.

नोकऱ्या कुठे आहेत?

साखर कारखान्यांचे ऊस विकास विभाग, ठिबक कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, ड्रोन सेवा आणि पीकविमा. विम्यात खरीप २०२३ पासून भात आणि गव्हाच्या उत्पादन अंदाजात तंत्रज्ञानाधारित आकड्याला किमान ३० टक्के वजन द्यायचे ठरले. तिथे नकाशा वाचणारा आणि पीककापणी प्रयोगही समजणारा माणूस लागतो. नुसते ड्रोन प्रमाणपत्र हंगामी काम देते. त्यासोबत औषधांचे ज्ञान असेल तर वर्षभर.

लॅपटॉप कोणता घ्यावा?

क्यूजीआयएस आणि पायथॉनला ८ जीबी रॅम पुरते. ड्रोनची शेकडो छायाचित्रे जोडायची असतील तर १६ जीबी तरी हवी, तीही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नसेल तरच. उरलेल्या पैशांत चांगला डिजिटल वजनकाटा घ्या, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा.